चांद पाहणाऱ्यांनी उपग्रहही पाहावेत

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपल्या शहरातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. शनिवार होता. सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या चांदची वाट पाहणं चाललं होतं. मगरिबनंतर चांद दिसला, गच्च्यांवरून एकमेकांना मुबारकबाद सुरू झाली. मोठी माणसं पहिल्या तरावीहच्या तयारीला लागली. पोरं मात्र अजून गच्चीवरच होती. पावणेआठच्या सुमारास पोरांचा ओरडा झाला, म्हणून आम्ही पुन्हा वर धावलो. आकाशातून आगीच्या तुकड्यांची एक रांग चालली होती. आवाज नाही, घाई नाही. एकामागून एक जळते गोळे आणि त्यांच्या मागे लांब शेपट्या.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बुजुर्गांनी कलमा पढायला सुरुवात केली. कुणी म्हणालं विमान पेटलंय, कुणी म्हणालं मिसाइल आहे. खालच्या गल्लीतून एकाने ओरडून सांगितलं, "तारा टूटा, दुआ मांगो." अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर तीस-चाळीस व्हिडिओ आले, आणि त्यातल्या प्रत्येकाबरोबर एक वेगळी गोष्ट आली.

दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं पडलं आहे. आसपास धातूचे गोळेही सापडले. सुरुवातीला त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका रॉकेटवर अनेकांचा संशय गेला होता. पण कक्षेचा हिशोब करणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला आणि सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, वरचा टप्पा आहे. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो आपल्या डोक्यावर जळाला होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, उर्दूही शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. सोमवारी वर्गात गेलो तर पोरांना दुसरं काही बोलायचंच नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, आज निबंध याच्यावरच. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिहा: किती वाजता दिसलं? कुठून कुठे गेलं? किती वेळ दिसलं?

पन्नासेक मुलं होती. वेळ कुणी सात सांगितली, कुणी साडेआठ. एकाच्या मते ते दौलताबादकडून जालन्याकडे गेलं, त्याच्याच शेजारच्या बाकावरच्याच्या मते जालन्याकडून दौलताबादकडे. किती वेळ? दहा सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत. व्हिडिओ सगळ्यांकडे होते, पण फिरत फिरत आलेले. कुठून काढले, कधी काढले, पत्ता नाही. आणि मी? मी स्वतः गच्चीवर उभा होतो, पण घड्याळ पाहिलं नव्हतं. माझाही कागद कोराच होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे आणि आज तीच मांडायची आहे. चांद पाहण्याची रीत आपल्याकडे शेकडो वर्षांची आहे. एखादा माणूस चांद दिसला म्हणून रुयत-ए-हिलाल कमिटीसमोर येतो तेव्हा कमिटी त्याला मिठी मारत नाही, प्रश्न विचारते. कुठे उभा होतास? किती वाजले होते? सूर्य बुडाला त्या जागेच्या डावीकडे की उजवीकडे? किती उंच? टोकं कोणत्या बाजूला होती? सोबत कोण होतं? उत्तरं जुळली नाहीत तर शहादत मान्य होत नाही, माणूस कितीही नमाजी असो. म्हणजे पाहणं वेगळं आणि साक्ष देणं वेगळं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. पण हे शहाणपण आपण वर्षातून दोन संध्याकाळी वापरतो आणि उरलेलं वर्षभर आलेलं फॉरवर्ड पुढे ढकलतो.

माझं म्हणणं एवढंच की तीच शहादत इतर रात्रीही द्यावी, आणि त्यासाठी उपग्रह पाहण्यासारखा दुसरा धडा नाही. चांद महिन्यातून एकदा नवा होतो. अवकाश स्थानक एकदा दिसू लागलं की लागोपाठ काही दिवस दिसतं.

पुष्कळांना हेच माहीत नसतं की ते दिसतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जातं, साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य बुडून अंधार झालेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, ते ऊन त्याच्यावर पडून आपल्याला दिसतं. म्हणून ते मध्यरात्री सहसा दिसत नाही. दिसतं ते मगरिब ते इशाच्या दरम्यान, किंवा पहाटे फजरसाठी घराबाहेर पडताना. नेमक्या त्याच वेळा, ज्या वेळी आपला माणूस घराबाहेर असतो! शुक्राइतका तेजस्वी ठिपका, न लुकलुकता, सरळ चालत जातो. विमानाचे लाल-हिरवे दिवे उघडझाप करतात, याचं तसं काही नाही. येतं नेहमी पश्चिमेच्या अंगाने, म्हणजे आपल्याकडे किबल्याच्या बाजूने, आणि जातं पूर्वेकडे. फार तर सहा मिनिटं. कधी कधी आकाशाच्या मधोमधच विझतं, कारण ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

आमच्या शाळेत हे काम एका वहीने सुरू झालं. दुर्बीण नंतर आली. वहीत रकाने पाडले: तारीख, वेळ, जागा, कोणत्या दिशेला प्रथम दिसलं, जास्तीत जास्त किती उंच गेलं, कुठे दिसेनासं झालं, सोबत कोण होतं. उंची मोजायला हात पुढे लांब करायचा आणि मूठ धरायची. एक मूठ म्हणजे ढोबळमानाने दहा अंश. क्षितिजापासून डोक्यापर्यंत नऊ मुठी. याला पैसे लागत नाहीत.

मराठीचा मास्तर म्हणून मला यातून जे मिळालं ते सांगतो. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य हे शब्द आमच्या पोरांना दरवर्षी छळतात. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला हे चार शब्द म्हणजे चार भिंती. वहीत मात्र तेच शब्द रोज लिहावे लागले. वायव्येकडून आलं, आग्नेयेला गेलं. शेजारी उर्दूतही लिहायचं: शुमाल-मगरिब, जुनूब-मशरिक. पश्चिम कुठे हे तर मशिदीमुळे प्रत्येकाला माहीत होतं. तिथून बाकीच्या दिशा सुटत गेल्या. दोन महिन्यांत वर्गात कुणी वायव्य आणि नैऋत्य यांत गोंधळत नव्हतं. हे मी भाषेच्या कोणत्याही पुस्तकातून इतक्या लवकर शिकवू शकलो नसतो.

पहिली फजितीही सांगायला हवी. स्थानक कधी दिसेल हे सांगणारी संकेतस्थळं आणि अ‍ॅप्स आहेत. 'हेवन्स-अबव्ह' हे त्यातलं जुनं नाव. मी एका अ‍ॅपमध्ये शहराचं नाव टाकलं, वेळ आली, जवळपास डोक्यावरून जाणार असं कळलं. वीस-बावीस मुलांना पालकांसह बोलावलं. सगळे माना वर करून उभे. वेळ झाली, वेळ टळली, काही नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं की अ‍ॅपने बिहारमधलं औरंगाबाद धरलं होतं. स्थानक तिथल्या लोकांच्या डोक्यावरून गेलं, आमच्यासाठी ते ईशान्येला इमारतींच्या मागून निघून गेलं. एक पोरगा म्हणाला, "सर, आपका स्टेशन तो बिहार चला गया." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून खजील झालो. शहादतीचा पहिलाच प्रश्न, 'कुठे उभा होतास', मी चुकवला होता.

आता नवं नाव टाकलं तर काही अ‍ॅप्सना ते सापडत नाही, आणि जुनं टाकलं तर बिहार समोर येतं. म्हणून आम्ही नाव टाकणंच सोडलं. उत्तर अक्षांश १९.८८, पूर्व रेखांश ७५.३४. या दोन आकड्यांवर आपल्या शहरात अजून तरी कुणाचं भांडण नाही.

दुर्बीण आली ती दुसऱ्याच वर्षी. आम्ही चार शिक्षकांनी मिळून एका हौशी माणसाकडून जुनी घेतली. सहा इंची आरसा, खाली लाकडी फिरता पाट, मोटर वगैरे काही नाही, हाताने ढकलायची. चंद्राचे खड्डे आणि शनीचं कडं पाहून झालं, तेव्हा पोरांनीच विचारलं, "सर, स्टेशन इसमें दिखता क्या?"

हिशोब करून पाहिला. स्थानक सुमारे १०९ मीटर लांब, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढं. ते बरोबर डोक्यावर, सव्वाचारशे किलोमीटरवर असेल, तर दुर्बिणीत ते गुरूच्या चकतीपेक्षाही थोडं मोठं दिसायला हवं. आकार अडचण नाही. अडचण वेगाची. डोक्यावरून जाताना ते एका सेकंदात सुमारे एक अंश सरकतं, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर तेवढी रुंदी. आणि आमच्या सर्वांत कमी ताकदीच्या आयपीसमधून दिसणारं आकाशही साधारण एक अंशच. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर स्थानक एका सेकंदात आलं आणि गेलं.

म्हणून पद्धत अशी ठरली. आधी चंद्रावर किंवा तेजस्वी ताऱ्यावर फोकस अचूक करून घ्यायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. लाल ठिपक्याचा शोधक दुर्बिणीशी तंतोतंत जुळवून घ्यायचा. आयपीसला मोबाइल घट्ट बसवायचा, व्हिडिओ सुरू करायचा, एक्स्पोजर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, नाहीतर स्थानकाच्या जागी पांढरा डाग येतो. मग एकाने डोळा शोधकाला लावून दोन्ही हातांनी नळी ढकलत राहायचं, ठिपका स्थानकावर राहील असा. अगदी डोक्यावर आलं की या पाटावरची दुर्बीण नीट वळत नाही, म्हणून पकडायचं ते साठ-सत्तर अंशांवर. दुसऱ्याने घड्याळ वाचायचं. तिसऱ्याने वही.

पहिल्या पाच-सहा वेळा काहीच मिळालं नाही. नुसता काळा व्हिडिओ, मधून एक पांढरी रेघ. सातव्या की आठव्या वेळी, सहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं मिळून चार सेकंद स्थानक चौकटीत होतं. एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. दोनशेपेक्षा जास्त चित्रांपैकी तीन बरी. मध्ये पांढरा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना तांबूस सोनेरी पट्टे. ते सौर पंखे. माझ्या अंगावर काटा आला. आठवीतली एक मुलगी वाकून पाहत म्हणाली, "सर, ये तो मच्छर है." खरंच तसंच दिसत होतं. पण तो मच्छर आमचा होता, कुठून डाउनलोड केलेला नव्हता. त्याच्याखाली तारीख होती, वेळ होती, जागा होती आणि तीन साक्षीदारांची नावं होती.

मोठी माणसं विचारतात, याचा फायदा काय? नासाचे फोटो यापेक्षा हजारपट चांगले नाहीत का? आहेतच. पण हौशी माणसांनी पाहिलेलं निरुपयोगी असतं असं नाही. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेची 'मूनवॉच' नावाची मोहीम कामाला लागली होती. त्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, छोट्या दुर्बिणी घेऊन रात्र रात्र बसत. त्याच काळात आपल्या नैनितालच्या वेधशाळेतही उपग्रहांचे फोटो घेणारा खास कॅमेरा बसला. २००५ साली संपर्क तुटलेला नासाचा 'इमेज' नावाचा उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सापडला, तो कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी माणसाला, घरच्या रेडिओ यंत्रणेवर. चांद्रयान २ चं विक्रम लँडर चंद्रावर कोसळलं, तेव्हा नासाच्या छायाचित्रांतून त्याचा पहिला तुकडा हेरला चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुण अभियंत्याने. तो कोणत्याही अवकाश संस्थेचा नोकर नव्हता. आधीचं आणि नंतरचं छायाचित्र शेजारी ठेवून तो चिकाटीने पाहत बसला. डिसेंबर २०१९ मध्ये नासाने ते श्रेय त्याला दिलं.

आपल्या लोकांची आणखी एक सवय आहे. विज्ञानाचा विषय निघाला की आपण अल-बिरुनी, नसीरुद्दीन तुसी, उलुग बेगची समरकंदची वेधशाळा ही नावं घेतो. मुशायऱ्यात टाळ्या मिळतात. मीही घेतली आहेत, भाषणात. पण उलुग बेगने आकाश मोजलं, आपण उलुग बेगचं नाव मोजतो. इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्यात हैदराबादला नवाब जफर जंग नावाचे एक उमराव होते. त्यांना आकाशाचं वेड. त्यांनी इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणली आणि १९०१ मध्ये स्वतःच्या जागेत वेधशाळा उभी केली. पुढे सरकारने ती ताब्यात घेतली आणि निजामिया वेधशाळा म्हणून ती नावारूपाला आली. जगभरातल्या वेधशाळांनी आकाशाचे भाग वाटून घेऊन ताऱ्यांचे फोटो काढायची मोहीम हाती घेतली होती, त्यात एक वाटा हैदराबादने उचलला आणि साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या. सुरुवात एका हौशी माणसाने केली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या दख्खनचा हा वारसा आहे आणि त्याच्यावर मी आजवर एकही तकरीर ऐकलेली नाही.

धर्माच्या बाजूने कुणाला शंका असेल तर तेही बोलू. १९८५ च्या जूनमध्ये सौदीचे राजपुत्र सुलतान बिन सलमान डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेले. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, रमजान चालू असताना, मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकोर स्थानकावर पोहोचले. जिथे दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो तिथे नमाज केव्हा, किबला कुठे, वजू कसा, यावर मलेशियाच्या उलेमांनी बसून मार्गदर्शिका काढली. उलेमांनी प्रश्न टाळला नाही, अभ्यास केला. २०२३ मध्ये अमिरातीचे सुलतान अल-नयादी सहा महिने तिथे राहिले, रमजान आणि ईद दोन्ही त्यांनी तिथेच काढले. आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशू शुक्ला अठरा दिवस त्याच स्थानकावर होते. आमची पोरं त्या दिवसांत रोज संध्याकाळी ढगांकडे पाहत बसायची. पावसाळ्याने दाद दिली नाही. वहीत त्या पानांवर नुसतं 'ढग' लिहिलेलं आहे. तेही मी पुसू दिलं नाही. न दिसणं ही पण नोंद असते.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ती पैशाची नाही.

दुर्बीण आणल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चाचांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्टरसाब, गच्चीवर ते नळकांडं रोखून बसू नका. जमाना कसा आहे तुम्हाला माहीत आहे. कुणी व्हिडिओ काढला, खाली काहीतरी लिहिलं, तर समजावत कुठे कुठे फिराल?" मी हसून विषय बदलला. पण रात्री झोप लागली नाही. ज्या रात्री विमानं, ड्रोन, मिसाइल यांच्या बातम्या टीव्हीवर चालू असतात, त्या रात्री आमच्या मोहल्ल्यातल्या एका गच्चीवरून चार पोरं काळी नळी आकाशाकडे फिरवतात, घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहितात, हे लांबून कसं दिसेल?

वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाच्या वडिलांनी तर स्पष्टच नाही म्हटलं. ते गॅरेज चालवतात. मला चहा पाजला, इज्जत दिली आणि म्हणाले, "सर, पढाई के लिए कुछ भी बोलो, भेजता. पर रातको छतपर नक्को. मेरा एकच लडका है." मी त्यांना समजवायला गेलो होतो. पण मला त्यांना चूक म्हणता आलं नाही. आजही येत नाही. मुलींच्या बाबतीत कारण वेगळं, उत्तर तेच: अंधार पडल्यावर गच्चीवर नको.

यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, दुर्बीण गच्चीवरून शाळेच्या मैदानात आणली, भिंतीवर फलक लावला, मोहल्ल्यातल्या सगळ्यांना बोलावलं, शेजारच्या वस्तीतल्या मराठी शाळेच्या गुरुजींनाही त्यांच्या मुलांसह बोलावलं. लपून केलेल्या गोष्टीवर संशय येतो, उघड केलेल्यावर कमी येतो. एमजीएमच्या आवारात डॉ. कलाम यांच्या नावाने अवकाश विज्ञान केंद्र आहे. मोठ्या मुलांना अशी ठिकाणं दाखवून आणावीत, म्हणजे आपण करतो ते शहरात आणखी लोकही करतात हे त्यांना कळतं. दुसरी गोष्ट, ज्यांना येता येत नव्हतं त्यांना वही दिली. अंगणातून, खिडकीतून, जिन्यावरून, जेवढं आकाश दिसेल तेवढं पाहा. गॅरेजवाल्यांचा मुलगा आजही येत नाही. पण त्याच्या घराच्या दोन भिंतींमधून आकाशाची जी पट्टी दिसते तिच्यातून स्थानक केव्हा पार होतं हे तो सेकंदासह लिहून आणतो. माझ्या मते आमच्यातला सर्वांत अचूक साक्षीदार तोच आहे.

तरी मला हे पुरेसं वाटत नाही, आणि ते मला उघडपणे लिहायचं आहे. एका मुलाला आकाश पाहायला भिंतींमधली फट शोधावी लागते, यात त्याच्या बापाचा दोष नाही. आकाशाकडे निर्धास्तपणे पाहता येणं ही या देशाच्या मुलाची साधी गोष्ट असायला हवी. बहुसंख्य समाजातल्या माझ्या वाचकांना सांगतो, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर असा कार्यक्रम असेल तेव्हा आमच्या शाळेच्या दोन मुलांना बोलवा. आणि आमच्या गच्चीवर दुर्बीण दिसली तर वर या, पाहा. आणि आपल्या लोकांना सांगतो, भीती खरी आहे, पण तिच्यापायी पाहणंच सोडलं तर नुकसान दुसऱ्या कुणाचं होणार नाही.

काही जण म्हणतात, अ‍ॅप सगळं सांगतं, मग पाहायचं कशाला? चांदच्या बाबतीत हिशोब मानायचा की डोळा, हा वाद आलिमांचा, मी त्यात पडत नाही. पण वर्गात मी एवढं सांगतो की अ‍ॅप सांगतं ते भाकीत. स्थानक ज्या उंचीवर फिरतं तिथेही विरळ हवा आहे, तिच्यामुळे ते हळूहळू खाली येत राहतं, मग इंजिन चालवून त्याला पुन्हा वर उचलतात. म्हणून कक्षेचे आकडे काही दिवसांत शिळे होतात. भाकीत आणि घड्याळ यांत फरक पडला की तो लिहायचा. कुणी सांगितलं म्हणून खोडायचा नाही.

माझी मागणी छोटी आहे. आपल्या समाजात सभागृहं बांधली जातात, दरवर्षी सत्कार होतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात. एका सत्कार समारंभाच्या खर्चात एका शाळेला सहा इंची दुर्बीण येते. ती कपाटात कुलूपबंद राहणार नाही, एवढं पाहणारा एक शिक्षक हवा. तो विज्ञानाचा नसला तरी चालतो, मी नाही का? फक्त एक ताकीद जाळीवर कोरून ठेवा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. पुढच्या तोंडाला खास सौर गाळणी लावल्याशिवाय तर एका क्षणासाठीही नाही. डोळा कायमचा जातो.

दुर्बीण जमत नसेल तर वही तरी सुरू करा. २ एप्रिल २०२२ सारखी संध्याकाळ पुन्हा येईल. वर हजारो उपग्रह आणि रॉकेटचे रिकामे टप्पे फिरत आहेत, त्यातलं काही ना काही आपल्या आकाशात जळणारच. त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातून तीस व्हिडिओ आणि तीस अफवा जाऊ नयेत. तीस नोंदी जाव्यात. परवा नववीतल्या एका मुलाने वही तपासायला दिली. त्यात मागच्या आठवड्याची एक ओळ होती: 'पहाटे ५ वाजून १२ मिनिटं ४० सेकंद, मशिदीच्या पायऱ्या, नैऋत्येकडून ईशान्येकडे, पाच मुठी उंच, सोबत दादा आणि मोअज्जिन साहेब.' मी खाली सही केली आणि लिहिलं, 'शहादत मान्य.'